दुसरा ढावलो

नवरीची जीप सुरू झाली आणि धर्मपालला कळलं, की कॅमेऱ्यात कार्डच नाही.

कॅमेरा यवतमाळच्या दोस्ताचा, नवाकोरा. दोस्ताने कार्ड काढून घेतलं होतं आणि वीस वर्षं लग्नाचे फोटो काढणाऱ्या या बहाद्दराने झाकण उघडून पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने कार्डाविना बटणच दाबू दिलं नसतं. हा मात्र खटखट वाजत राहिला, पडद्यावर फोटोही दाखवत राहिला. नवरी पुष्पा आजीच्या गळ्यात पडून ढावलो, बंजाऱ्यांचं बिदाईचं रडगाणं, म्हणत होती, सारा तांडा डोळे पुसत होता, आणि त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

दिवसभर त्याने जुन्यावरच काम केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. पण सकाळी नवरीचा भाऊ संजय चारचौघांत म्हणाला होता, "काका, चौदा वर्षांचा कॅमेरा! अंधार पडला का याच्यात फोटो फुटून नुसते दाणेच येतीन." पाहुणे हसले. धर्मपालला ते झोंबलं. म्हणून बिदाईपुरता हा नवा मागवला आणि जुना बॅगेत कोंबला.

तो जीपला आडवा गेला.

"संजय, आजीसोबतचे फोटो नाही आले."

"काहून?"

"कॅमेऱ्यातच बिघाड झाला."

खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याची त्याला जास्त लाज वाटली.

नवरीचे वडील सेवादास पुढे आले. "फोटोवाले, निघालेली पोरगी मागं फिरवत नसतात."

पण पुष्पा उतरलीच. "राहू द्या बा. आजीसंग मायाजवळ एकबी फोटो नाही."

दिवस बुडाला होता. धर्मपालने सगळ्यांदेखत बॅगेतून जुना कॅमेरा काढला.  संजयने मोबाईलचा उजेड धरला.

पुष्पाने आजीच्या गळ्यात हात टाकले. पण एकदा रडून झालेलं रडू परत कुठून आणायचं? तिने ढावल्याची पहिली ओळ धरली आणि सूर तुटला. ती नुसतीच उभी राहिली.

आजीला, बसंतीबाईला, डोळ्यांनी कमीच दिसायचं. तिने नातीच्या तोंडावरून हात फिरवला, नथ चाचपली.

"पुष्पा? वापस आली माय?" म्हातारीचा चेहरा उजळला. "नाही धाडलं ना तुले? मी म्हनतच होती."

धर्मपालने बटण दाबलं. हात सवयीने चालला.

दाणे होते, पण फोटोत म्हातारीचं हसू जसंच्या तसं आलं होतं. एवढा चांगला फोटो त्याने उभ्या जन्मात काढला नव्हता. त्याला मान वर करवेना.

जीपचं इंजिन चालूच होतं. पुष्पा जाणारच आहे, हे म्हातारीला सांगायला कोणी पुढे येत नव्हतं.

"उभ्या काय राह्यल्या वो साऱ्या?" बसंतीबाई बायकांवर ओरडली. "भाकरी टाका. लेकरू सकाळपासून उपाशी आहे."