तीन भोकं

कोरी नोट मिशिगनात कोणी घेत नाही. म्हणून फिलुरा तिला म्हातारी करते.

आधी डुकराची चरबी, दोन बोटांनी. मग चुलीतली राख. चार घड्या. शेवटी डाव्या कोपऱ्यात टाचणीची तीन भोकं, जणू तीन दुकानदारांनी ती गड्डीत टाचून पुन्हा सोडवली. आपल्या नोटा आपणच छापणाऱ्या टॅमरॅक बँकेच्या मागच्या खोलीत तीन महिने हेच काम. नोटांच्या बदल्यात द्यायची चांदी म्हणून बँकेच्या तिजोरीत काय आहे, ते तिने झाडताना पाहिलं होतं. उंदराच्या लेंड्या.

मजुरी ती चांदीत घेते.

"आमच्या नोटा नकोत का, बाई?" कॅशियर हसतो.

"तुम्हालाच लखलाभ."

घरी सांगितलंय, गावात धुणं धुते.

पन्नास चांदीचे डॉलर साठले. सोमवारपर्यंत सरकारी कचेरीत जमिनीचे पैसे चांदीत भरले नाहीत, तर झोपडी, मका, कुंपणाशी पुरलेली पोर, सगळं दुसऱ्याचं. गुरुवारी तिचा नवरा ओबेड ती चांदी घेऊन कचेरीकडे निघाला.

परतला तो शीळ घालत.

"पन्नासाचे नव्वद केले," त्याने टेबलावर गड्डी टाकली. "वाटेत एक दलाल भेटला. चांदीवर जीव टाकत होता बिचारा. उद्या बँकेतून यांची नव्वद चांदी आणू, मग कचेरी."

"ओबेड."

"खुळा समजू नकोस मला. कोऱ्या होत्या त्या परत केल्या. एकच चुकून आली बघ. बाकीच्यांचा वास घे. किती चुली पाहिल्यात त्यांनी."

तिने वास घेतला नाही. एक नोट खिडकीसमोर धरली. तीन ठिकाणांहून उजेड आला. दुसरी. तिथेच. तिसरी.

मग तिने गळपट्टीची टाचणी काढली. कोरी नोट घेतली, तीनदा टोचली आणि गड्डीवर ठेवली. भोकावर भोक बसलं.

"चरबी, राख, टाचणी," ती म्हणाली. "धुणं नव्हतं ते."

ओबेड खाली बसला. त्याची नजर खिडकीबाहेर गेली. पलीकडच्या वावरात म्हातारा जोनास बैलाला पाणी दाखवत होता. गेल्या हिवाळ्यात, पोर आजारी असताना, याच जोनासने पाठीवरून मक्याचं पोतं आणून दिलं होतं.

"जोनासला बैल विकायचाय," ओबेड म्हणाला. "गावात त्या बैलाची चांदी होईल."

फिलुराने टाचणी पुन्हा गळपट्टीत खोचली.

त्याने ती कोरी नोट उचलून तिच्यापुढे सरकवली.

"हिला चरबी लावायची राहिली."