बाबांची खूण

"हातवारे बंद कर! तोंडानं बोल!" ह्यांनी चैतालीच्या कानाखाली जाळ काढला. ज्या कानांना जन्मापासून ऐकूच येत नाही, त्यांच्याखाली. तिचा ओठ फुटला. खुणा केल्या की पोर कायमची मुकी राहते, असं ह्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं. मी पदरानं रक्त पुसलं आणि नेहमीसारखी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत पालकसभा होती. "खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण असते, तेच त्याचं नाव," बाईंनी सांगितलं. "मुलंच ती ठरवतात. माणसाचं जे पहिल्यांदा डोळ्यांत भरतं, त्यावरून." मग त्यांनी चैतालीला घरातल्यांची नावं विचारली.

तिनं नाकपुडीवर बोट टेकवलं. ती मी, माझ्या चमकीमुळे. मग गालात बोट रुतवलं. तो तिचा धाकटा भाऊ, त्याला खळी पडते.

"माझं मिशीवरून असणार," हे मिशीवर हात फिरवत म्हणाले.

चैतालीनं सगळं बळ एकवटून स्वतःच्याच थोबाडीत मारली. कालचा ओठ पुन्हा फुटला.

"हे कुणी शिकवलं तिला?" हे ओरडले आणि त्यांचा हात वर गेला.

माझ्या कडेवरचा धाकटा दोन वर्षांचा आहे. त्याला नीट ऐकू येतं, पण अजून तो 'बाबा' म्हणत नाही. बहिणीचे हात बघतच तो वाढलाय. त्यानं ह्यांच्याकडे बोट दाखवलं आणि हसत स्वतःच्या गालावर फाडकन चापट मारली.

मी त्याचा हात धरला नाही. ह्यांचा धरला.