उरलेला नट

ट्रेमध्ये एक नट उरला होता.

"इंजिन बांधून झालं आणि नट उरला?" शेजारच्या स्कूटर-गॅरेजचे तात्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "परत उघड सगळं. तरी सांगत होतो, हे बायकांचं काम नव्हे."

वडिलांच्या मागे त्यांच्या गॅरेजात वैशालीनं एकटीनं बांधलेलं मोटारीचं हे पहिलंच इंजिन. त्यातला एकूण एक नट तिनं स्वतः आवळला होता. उरलेला नट तिनं बोटांत फिरवून पाहिला आणि तात्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा स्कूटरचा आहे, तात्या. सकाळी तुम्ही आत डोकावलात तेव्हा पडला असेल."

मग तिनं चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. गाडी तिनं गल्लीत काढली ती मुंगीच्या पावलांनी, आणि तात्यांच्या दारापाशी तर ती आणखीच रेंगाळली. मागे हॉर्न वाजू लागले.

"चालू झालीय तर पळव की," तात्या करवादले.

"नवं बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर जोरात पळवायचं नसतं, तुम्हाला ठाऊक आहेच," ती म्हणाली. "तोवर रोज याच गल्लीतून हळूहळू नेणार आहे."