राहिलेलं गावजेवण

टेकडीच्या लढाईत गोऱ्या पलटणीचे अधिकारी पडले, त्यांच्या स्मारकाचा दगड दोरांनी बांधला होता, पण नागा गावातलं कुणी ओढायला हात लावेना. “ज्यानं गावाला जेवू घातलं, त्याच्याच नावानं दगड उभा राहतो.” म्हाताऱ्या ल्हौलिएनं दोर पायानं बाजूला सारला. “या साहेबांनी काय वाढलं? आपली घरं जळाली त्यांच्या लढाईत.” पोरीचा हात धरून सेदेनुओ पुढे आली आणि तिनं शालीखालून चेपलेला बिस्किटांचा डबा काढला. “रानात लपलो होतो, तेव्हा त्यांच्यातल्या कप्तानानं माझ्या पोरीला हा दिला. स्वतः उपाशी टेकडी चढला, तो उतरलाच नाही.” “एका पोरीचं पोट भरलं म्हणजे गावजेवण होत नाही.” “मग त्यांचं राहिलेलं जेवण मी घालते, काका. डुक्कर माझं.” आगीतून वाचलेलं तिचं ते एकच डुक्कर होतं. पोरीनं दोर उचलला. म्हातारा तिच्यामागे उभा राहिला. “मीठ माझ्याकडून,” तो म्हणाला. “ओढा.”