दुसरा पाय

मोरजीतल्या योगशिक्षक प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा म्हणजे आपल्या गावात एक वर्ग घेणं. घटस्फोटानंतर मी पार्सेला माहेरी परतलेली; माझ्या वर्गाला कोण येणार? आईनंच आमच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्या ओढून आणल्या. शवासनात उताण्या पडल्या, तशी मी एकेकीचे पाय सरळ करू लागले. पायांना हात लागताच पहिली मिटल्या डोळ्यांनी पुटपुटली, ‘सुखी राव गो.’ दुसरी, तिसरीही तेच. आशीर्वादाला काय उत्तर द्यायचं, हे प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. चौथी कमलाक्षीकाकी, हळदीकुंकवाला मला वगळून आईला बोलावणारी. मी तिचा पाय धरला. सवयीनं तिच्या तोंडून ‘अखंड सौभाग्यवती...’ निघालं आणि अडलं. मी हात काढून घेतला. काकीनं डोळे उघडले. सरळ असलेला दुसरा पाय तिनं मुद्दाम वाकडा केला. ‘ह्यो वाकडो आसा, बाय. धर. आता बरो आशीर्वाद दितंय.’