शेवटून पहिल्याची तक्रार

क्लाइव्ह ट्रँटरने तक्रार नोंदवली आणि चहाच्या गाडीपुढची रांग मिनिटभरात मोडली. अर्धे खाल्लेले बेकन रोल हातात धरून सगळे तपासणीच्या शेडकडे निघाले. टॅम्सिन पेटिफरच्या गाडीचं इंजिन खोलणार होते.

मोसमातली चौदावी आणि शेवटची शर्यत नुकतीच संपली होती. उघड्या चाकांच्या सोळा फॉर्म्युला गाड्या, सगळ्यांना एकाच मापाचं इंजिन, एकच नियम. तरी चौदापैकी नऊ शर्यती टॅम्सिनच्या. अजिंक्यपदही तिचंच. इंजिनात नियमाबाहेरचं काही सापडलं, तर मात्र वर्षभराचे गुण शून्य, आणि अजिंक्यपद दुसऱ्या नंबरच्या ऱ्हॉड्री बेननला.

संशय सगळ्यांनाच होता. इंजिन तिच्या बापाने, इव्होरने, बांधलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी तो स्वतः शर्यतीत उतरायचा, तेव्हा गाडीने झटकन वेग घ्यावा म्हणून इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे त्याचं जड फिरतं चाक, तासून हलकं केलं आणि पकडला गेला होता. वर्षभर बंदी. नॉर्थहॅम्प्टनशरात लोक बायकोचा वाढदिवस विसरतील, पण असलं काही विसरत नाहीत.

कोडं निराळंच होतं. तक्रार क्लाइव्हने का करावी? पन्नाशीचा प्लंबर, सोळात सोळावा. टॅम्सिन बाद झाली तर फार तर पंधरावा होईल. शिवाय तक्रारीला फी पडते, आणि तक्रार टिकली नाही तर ती बुडते. लोकांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली आणि सगळ्यांच्या माना ऱ्हॉड्रीकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" ऱ्हॉड्री उखडला. "करायची असती तर मे महिन्यातच केली असती."

"मग केली का नाहीस?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आणि इंजिन बरोबर निघालं असतं, तर तोंड कुठे लपवलं असतं?"

नियमाप्रमाणे इव्होर स्वतः एकेक भाग सुटा करत होता आणि मुख्य तपासनीस नॉर्मन लडलो मापं घेत होता. पिस्टन बरोबर. व्हॉल्व्ह बरोबर. काचेच्या नळीतून थेंब थेंब तेल सोडून त्याने सिलिंडरच्या माथ्याची पोकळी मोजली. तीही बरोबर. दर "बरोबर"ला शेडमधली कुजबुज थोडी खाली येत होती. उरलं फ्लायव्हील.

इव्होरने ते दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं. सगळे इव्होरच्या चेहऱ्याकडे बघत होते. टॅम्सिन एकटी काट्याकडे. वर्षभर या पोरीने चषक घेतले तेही शेजाऱ्याचं पार्सल घ्यावं तसे. सही करायची, काखेत मारायचं, व्हॅनमध्ये टाकायचं. लोक म्हणायचे, शिष्ट आहे.

लडलोने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. "किमान वजनाहून दीडशे ग्रॅम जास्त. इव्होर, उलट ओझं बांधून दिलंस की पोरीला!"

"पुन्हा कुणी हलकं म्हणायला नको," इव्होर म्हणाला.

कुणी हसलं नाही. आता पंधरा जणांना घरी जाऊन हरण्याचं दुसरं कारण शोधायचं होतं.

"गेली ना फी पाण्यात?" ऱ्हॉड्रीने सगळा राग क्लाइव्हवर काढला. "एवढ्या पैशात नवे टायर आले असते तुला. पंधरावा तरी आला असतास!"

"माझी कुठली फी?" क्लाइव्ह उरलेला रोल चघळत म्हणाला. "स्वतःच्या गाडीविरुद्ध तक्रार करता येत नाही म्हणे. मी आपली नुसती सही केली." आणि त्याने हनुवटीने टॅम्सिनकडे खूण केली.

लडलोने कागद उचलले आणि लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. कधी नव्हे ते लोक ऐकून बाहेर गेले.

इव्होर हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मला विचारायचंस ना."

"चौदा शर्यती झाल्या, डॅड. दर वेळी विचारायचं ठरवायचे, आणि हेल्मेट चढवायचे."

"आणि आज वजन कमी भरलं असतं तर? अख्खं वर्ष गेलं असतं तुझं."

"कमी भरलं असतं," टॅम्सिन म्हणाली, "तर ते वर्ष माझं नव्हतंच ना, डॅड."