ट्रेनिंगची बॅग

"ट्रेनिंगला उन्हाची टोपी कोण नेतं?" असं कुजबुजत शैलेशने माझी टोपी बॅगेतून काढली.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आम्ही दोघंच गोव्याला निघालो होतो. एकाच बँकेत असल्यामुळे सासूबाईंना आणि सात वर्षांच्या मुक्ताला ट्रेनिंग आहे म्हणून सांगणं सोपं गेलं. संशय नको म्हणून एकच छोटी बॅग घेतली. मुक्ताने कपड्यांच्या घड्या घालून दिल्या.

हॉटेलवर बॅगेच्या तळाशी तिचा पोहण्याचा चष्मा निघाला. पट्टा माझ्या डोक्याच्या मापाने सैल केलेला.

मी फोन लावला. "मुक्ता, तुझा चष्मा चुकून आलाय गं."

"चुकून नाही. समुद्राचं पाणी डोळ्यांत जातं ना." मग ती हळूच म्हणाली, "आजीला मी काही सांगितलं नाहीये."